स्लीव्ह झाली, मग वजन आपोआप उतरेल ना?

प्रश्न : माझ्या धाकट्या बहिणीचं वजन उतरवण्यासाठी जठर लहान करण्याचं, म्हणजे स्लीव्हचं ऑपरेशन होऊन नऊ महिने झाले. आधी वजन भराभर उतरलं, पण गेले तीन आठवडे काटा हललेला नाही. पथ्याचं, गोळ्यांचं नाव काढलं की म्हणते, "जठरच कापलंय, आता होईल आपोआप." रात्री मात्र रडते, "नशिबातच लठ्ठपणा आहे माझ्या." तिला कसं समजावू? (एक वाचिका, सांगली)

उत्तर : ताई, दोन्ही वाक्यांमागे समजूत एकच आहे, की वजन तिच्या हातात नाही. कधी ते सर्जनच्या हातात, कधी नशिबाच्या. अशा वेळी काटा जरा अडला तरी ऑपरेशन फसल्यासारखं वाटतं. वजन उतरताना असे थांबे येतातच, हे तिला आधी सांगा.

स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढतात. भूक चेतवणारं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः त्या काढलेल्या भागातच तयार होतं, म्हणून भूक मंदावते. कंटाळ्यापोटी किंवा ताणापोटी खाण्याची सवय मात्र तशीच राहते. लहान जठर घट्ट अन्न अडवतं. मिल्कशेक, आइस्क्रीम, चहात बुडवलेली बिस्किटं सरळ खाली उतरतात. "मी थोडंच खाते" हे तिचं म्हणणं खरंही असेल, पण येता-जाता तोंडात टाकलेलं त्यात धरलेलं नसतं.

म्हणून वाद घालू नका, वही द्या. आठवडाभर तिने लिहावं : काय खाल्लं, किती वाजता, आणि तेव्हा भूक होती की मन बेचैन होतं. आपल्या हातात काय आहे, ते तिला स्वतःच्या अक्षरात दिसेल. वजन आठवड्यातून एकदाच करावं. ताटातलं अंडं, मासे, पनीर किंवा डाळ आधी, भाकरी शेवटी. दिवसाला किमान 60 ग्रॅम प्रथिनं. जेवण 20 ते 30 मिनिटं चालावं, पाणी त्यानंतर अर्ध्या तासाने. बी-12, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व डॉक्टरांनी दिल्याप्रमाणे कायम घ्यायचं. लोह आणि कॅल्शियममध्ये दोन तासांचं अंतर हवं.

वारंवार उलट्या, पायांना मुंग्या, चालताना तोल जाणं ही थायमिन (बी-1 जीवनसत्त्व) कमी पडल्याची लक्षणं असू शकतात. त्याच दिवशी रुग्णालय गाठा आणि स्लीव्ह झाल्याचं आवर्जून सांगा.

रडणं दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. जगणं नको असं बोलली तर तिला एकटं सोडू नका, लगेच डॉक्टरांकडे न्या. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर रात्रीही फोन करता येतो.