रिपोर्ट नॉर्मल, पण कंबर 102 : कोलेस्टेरॉल आणि पांढऱ्या पेशींविषयी प्रश्नोत्तरे

मेटाबॉलिक सिंड्रोमविषयी (पोटाची चरबी, साखर, बीपी आणि रक्तातली चरबी एकत्र बिघडणे) खानदेशातल्या वाचकांची बरीच पत्रे आली आहेत. त्यांपैकी ज्यांचे उत्तर इतरांच्याही कामाला येईल अशी निवडली आहेत.

प्रश्न : वय 46, रावेर तालुक्यात केळीची बाग आहे. गावातल्या शिबिरात रक्त तपासले. एकूण कोलेस्टेरॉल 178, एलडीएल (वाईट म्हणतात ते कोलेस्टेरॉल) 97, एचडीएल (चांगले म्हणतात ते) 34, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) 236, उपाशीपोटी साखर 112. बीपी 128/82, कंबर 102 सेंटीमीटर. लॅबवाला म्हणतो कोलेस्टेरॉल नॉर्मल. डॉक्टर म्हणतात मेटाबॉलिक सिंड्रोम. खरे कोणाचे मानू?

डॉक्टरांचे. यात पाच गोष्टी बघतात. आपल्याकडच्या पुरुषांत कंबर 90 सेंटीमीटर किंवा जास्त (बायकांत 80), ट्रायग्लिसराइड 150 किंवा जास्त, एचडीएल 40 च्या खाली (बायकांत 50), बीपी 130/85 किंवा वर आणि उपाशीपोटी साखर 100 किंवा जास्त. पाचांपैकी तीन जुळल्या की मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणायचे. तुमच्या चार जुळतात, फक्त बीपी सुटले आहे. कंबर टेपनेच मोजा, बेंबीच्या आसपास. पॅन्टच्या नंबरावर जाऊ नका, ती पोटाखाली बांधलेली असते.

आता तो 97 चा आकडा. एलडीएलच्या कणांतून किती कोलेस्टेरॉल वाहून नेले जाते तेवढेच रिपोर्ट सांगतो, कण किती आहेत हे सांगत नाही. ट्रायग्लिसराइड वाढलेले आणि एचडीएल घटलेले असले की एलडीएलचे कण बहुधा लहान आणि संख्येने जास्त असतात. कोलेस्टेरॉल तेवढेच, पण रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरणारे कण जास्त. म्हणून एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करा. 178 वजा 34, म्हणजे 144. हा आकडा तुमच्यासाठी 130 च्या आत हवा, आणि मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्यांचा त्याहूनही खाली. मोठ्या लॅबमध्ये अपोबी नावाची तपासणी होते, तिच्यातून कणांच्या संख्येचा थेट अंदाज येतो. खर्च परवडत असेल तर एकदा करून घ्या.

प्रश्न : (याच वाचकाचा) ठिबकच्या नळीत क्षार साचतात तसेच हे ना? आम्ही ॲसिड सोडून लॅटरल साफ करतो. सलाईन लावून शिरा साफ करून देतो अशा जाहिराती बघतो. घेऊ का?

घेऊ नका. का नको हे नीट समजून घ्या, कारण सगळ्या आजाराची गोम इथेच आहे.

क्षार नळीच्या आतल्या अंगाला, पाण्याच्या वाटेतच बसतात, म्हणून ॲसिड त्यांच्यापर्यंत पोहोचते. कोलेस्टेरॉल रक्ताच्या वाटेत बसत नाही, ते रक्तवाहिनीच्या भिंतीच्या आत शिरते. तिथे अडकलेल्या एलडीएल कणांत बदल होतो आणि शरीराला ते परके वाटू लागतात. मग रक्तातल्या मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी भिंतीत उतरतात, तिथे मॅक्रोफेज म्हणजे भक्षक पेशी होतात आणि ते कण गिळू लागतात. इतर पेशींना पुरेसे कोलेस्टेरॉल मिळाले की त्या दार लावून घेतात. बिघडलेले कण मात्र मॅक्रोफेज वेगळ्याच दाराने आत घेते आणि त्या दाराला आवर नाही. पेशी कोलेस्टेरॉलने टम्म फुगते. सूक्ष्मदर्शकाखाली ती फेसाने भरल्यासारखी दिसते, म्हणून तिला फेसपेशी म्हणतात. रशियात निकोलाय अनिच्कोव यांनी 1913 मध्ये सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घालून अशाच पेशी धमनीच्या भिंतीत दाखवल्या होत्या.

एवढ्यावर भागत नाही. पेशीत कोलेस्टेरॉलचे स्फटिक तयार होतात आणि पेशीची धोक्याची यंत्रणा चालू करतात. 2010 मध्ये हे स्पष्ट झाले. त्यातून इंटरल्युकिन-1 बीटा हे दाह (शरीरातली सूज) पेटवणारे रसायन सुटते आणि आणखी पांढऱ्या पेशी धावून येतात. काही पेशी तिथेच मरतात, त्यांच्या लगद्याचा थर भिंतीत साचतो, त्यावरचे आवरण पातळ होत जाते. एके दिवशी ते फाटते, त्यावर मिनिटांत रक्ताची गुठळी धरते आणि झटका येतो. म्हणूनच ‘परवापर्यंत शेतात राबत होता’ असे आपण ऐकतो. फाटलेला थर नेहमी सर्वांत जाडच असतो असे नाही.

हे पटवणारा मोठा पुरावा 2017 मध्ये आला. आधी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या दहा हजारांहून अधिक रुग्णांवरच्या चाचणीत काहींना कॅनाकिनुमॅब हे औषध दिले. ते फक्त इंटरल्युकिन-1 बीटाला अडवते, एलडीएलला हात लावत नाही. तरीही मधल्या डोसवर झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण सुमारे 15 टक्क्यांनी घटले. सोबत जंतुसंसर्गाने होणारे मृत्यू थोडे वाढले, शिवाय औषध अतिशय महाग, त्यामुळे ते या कामासाठी वापरात आले नाही. पण कोलेस्टेरॉल आणि दाह या दोन्ही आघाड्या खऱ्या आहेत हे सिद्ध झाले.

सलाईनचे म्हणाल तर बहुतेक ठिकाणी ती किलेशनची, म्हणजे रक्तातले धातू बांधून बाहेर काढणाऱ्या औषधाची असते. आधीच्या एका चाचणीत मधुमेहींना फायदा झाल्यासारखे दिसले होते. मधुमेह आणि झटका दोन्ही असलेल्या रुग्णांवर ती पुन्हा तपासली, तेव्हा 2024 मध्ये निकाल आला : फायदा नाही. भिंतीतला थर थोडा आक्रसतो आणि त्याचे आवरण घट्ट होते, पण ते एलडीएल पुरेसे आणि वर्षानुवर्षे खाली ठेवल्यावर. एचडीएल या पेशींतून कोलेस्टेरॉल बाहेर काढते हे खरे, म्हणून तुमचा 34 मला खटकतो. पण गोळ्यांनी नुसते एचडीएल वाढवून झटके कमी झाले नाहीत, तेव्हा त्या आकड्यामागे पैसे घालवू नका.

प्रश्न : मी अमळनेरला शिक्षिका, वय 52. वजन जास्त आहे. पांढऱ्या पेशी 10,900 आणि एचएस-सीआरपी (दाह दाखवणारी रक्ततपासणी) 4.2 आले. ताप नाही, खोकला नाही. ओळखीच्या मेडिकलवाल्याने अँटिबायोटिक दिले. इन्फेक्शन आहे का?

ताई, ताप, खोकला, लघवीची जळजळ, दातांचे दुखणे यांपैकी काहीच नसेल तर ते अँटिबायोटिक घेऊ नका. पोटातली चरबी म्हणजे नुसता साठा नव्हे. चरबीतून दाह वाढवणारी रसायने सुटतात हे 1993 मध्ये उंदरांत दिसले, आणि वजन वाढते तशी चरबीत मॅक्रोफेज पेशींची गर्दी होते हे 2003 मध्ये. हा मंद दाह वर्षानुवर्षे चालतो, दुखत नाही, आणि इन्सुलिनचे काम बिघडवतो. पांढऱ्या पेशी वरच्या कडेला आणि सीआरपी 3 च्या वर, हे चित्र त्यात बसते.

मात्र एका रिपोर्टवर शिक्का मारू नका. साधी सर्दी झाली तरी सीआरपी चढते. दोन आठवड्यांनी, अंगात बरे असताना पुन्हा तपासा. 10 च्या वर गेले तर डॉक्टर वेगळे कारण शोधतील. हिरड्या दाखवून घ्या. आणि मिसरी लावत असाल तर तसे डॉक्टरांना सांगा. आपल्याकडे बायका हे सांगत नाहीत आणि डॉक्टरही विचारत नाहीत. तंबाखू कोणत्याही रूपात असो, हृदयाला वाईटच.

प्रश्न : मग रोगप्रतिकारशक्ती वाढवणारे काढे चालू करू का? (पाचोरा)

नको. तुमच्या पांढऱ्या पेशी झोपलेल्या नाहीत, नको तिथे सतत जाग्या आहेत, आणि खरा जंतू आला की कमी पडतात. मधुमेह असेल तर फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसींबद्दल डॉक्टरांना विचारा, त्याचा उपयोग आहे.

प्रश्न : धुळ्याला राहतो. वडिलांना दोन वर्षांपूर्वी स्टेंट टाकला. एलडीएल 58 आल्यावर त्यांनी कोलेस्टेरॉलची गोळी बंद केली. म्हणतात, पेशींना कोलेस्टेरॉल लागते, गोळीने प्रतिकारशक्ती जाईल, पायही दुखतात.

दादा, आजच त्यांच्या डॉक्टरांशी बोला आणि गोळी पुन्हा सुरू करण्याचे बघा. 58 हा आकडा गोळीमुळे आलेला आहे, बंद केल्यावर काही आठवड्यांत तो पहिल्या जागी जाईल.

पेशींना कोलेस्टेरॉल लागते हे वडिलांचे बरोबर आहे. पण जवळपास प्रत्येक पेशी आपल्यापुरते स्वतः तयार करते. या गोळीचे, म्हणजे स्टॅटिनचे, मुख्य काम यकृतात. तिथली निर्मिती घटली की यकृत रक्तातले एलडीएल जास्त ओढून घेते. ती ओढणारी दारे ब्राउन आणि गोल्डस्टाइन यांनी शोधली, त्यांना 1985 चे नोबेल मिळाले. स्टॅटिन जातीचे पहिले द्रव्य जपानच्या अकिरा एंडो यांना 1970 च्या दशकात एका बुरशीत सापडले. या गोळीने सीआरपीही उतरते, म्हणजे दोन्ही आघाड्यांवर काम होते. प्रतिकारशक्ती जात नाही.

पायदुखी खरी असू शकते, ती हसण्यावारी नेऊ नका. सीपीके (स्नायूंना इजा झाली का ते सांगणारी तपासणी), थायरॉइड आणि ड जीवनसत्त्व तपासा. स्नायू फार दुखले किंवा लघवी गडद झाली तर लगेच दाखवा. एरवी डोस कमी करणे, गोळी बदलणे, इझेटिमाइब (कोलेस्टेरॉल कमी करणारी दुसरी गोळी) जोडणे असे मार्ग आहेत. 2020 मध्ये आलेल्या एका चाचणीत त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्यांना काही महिने खरी आणि काही महिने खोटी गोळी दिली, तेव्हा त्रासाचा सुमारे 90 टक्के भाग खोट्या गोळीवरही झाला. वडिलांना हे प्रेमाने सांगा, वाद घालू नका.

प्रश्न : चोपड्याहून लिहिते. नवऱ्याचे ट्रायग्लिसराइड 310. घरी शेंगदाण्याचे तेल, शेवभाजी, भरीत, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) पुरणपोळी-आमरस. काय बंद करू? केळी चालतील का?

आधी एक प्रश्न : दारू घेतात का? घेत असतील तर सर्वांत आधी ती बंद. ट्रायग्लिसराइड दारू, साखर आणि मैद्याने झपाट्याने चढते. चहाची साखर, थंड पेये, टोस्ट-खारी हे दुसरे. कळण्याची भाकरी खुशाल चालू ठेवा, ज्वारी-उडदाचे ते उत्तम अन्न आहे, फक्त तिच्यावर ओतायचे तेल चमच्याने मोजा. भरीतही चालेल. वांगे, कांद्याची पात, मिरची यांत वाईट काही नाही, शेंगदाणे मूठभर आणि तेल निम्मे. शेवभाजी महिन्यातून एखाद्या वेळी, तर्री वरून काढून. केळे लहान आणि जेवणाऐवजी, जेवणावर नको. साखर वाढलेली असेल तर तेही अर्धे. केळीचे वेफर्स नकोत. आखाजीला एक पुरणपोळी खाऊ द्या, त्या दिवशी आमरसाची वाटी लहान घ्या आणि भात सोडा.

वजन 80 किलो असेल तर चार ते सहा किलो उतरले तरी ट्रायग्लिसराइड चांगले खाली येते आणि पोटातला दाहही मंदावतो. जेवणानंतर 15 मिनिटे चालू द्या, मे महिन्यात दुपारी नव्हे, रात्री. तीन महिन्यांनी पुन्हा तपासा, आदल्या रात्रीपासून 10 ते 12 तास उपाशी ठेवून. आकडा 500 च्या वर गेला तर स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो, मग पथ्याची वाट न पाहता डॉक्टरांकडे न्या.