मुलाला चरित्र अभिनेताच व्हायचंय, आणि तो दाखला देतोय ब्रायन कॉक्सचा

पत्राचा सारांश: सांगली जिल्ह्यातल्या एका वडिलांनी लिहिलंय. गावात त्यांचं किराणा दुकान आहे आणि थोडी शेती. मुलगा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असून कॉलेजच्या एकांकिकांतून सतत काम करतोय. त्याला अभिनयच करायचाय, पण नायक व्हायची हौस नाही. ‘आपला चेहरा हिरोचा नाही, मी चरित्र अभिनेता होणार,’ असं तो म्हणतो. ‘सक्सेशन’ या अमेरिकन मालिकेतला माध्यमसम्राट लोगन रॉय साकारणारा स्कॉटिश नट ब्रायन कॉक्स बहात्तराव्या वर्षी जगभर पोचला, मग मलाही थांबायला हरकत नाही, असं त्याचं म्हणणं. वडील विचारतात: हा दाखला खरा आहे का? पदवी सोडू द्यावी का? मुंबईतल्या एका खासगी अभिनय वर्गासाठी कर्ज काढावं का?

नमस्कार,

पत्रात कुठेही मुलाबद्दल रागाचा शब्द नाही, काळजी मात्र ओळीओळीत आहे. म्हणून उत्तर जरा सविस्तर देतोय. हे पत्र मुलालाही वाचायला द्या.

त्याची निवड मला आवडली. विशी-एकविशीच्या वयात ‘मला मुख्य भूमिका नको’ असं म्हणणारी मुलं थोडी असतात, आणि ज्यांना स्वतःचा चेहरा आरशात नीट दिसतो त्यांचा पाया पक्का असतो. पण कॉक्सच्या आयुष्यातून त्यानं जे उचललंय ते अर्धंच आहे. कॉक्स बहात्तराव्या वर्षापर्यंत थांबलेला नव्हता. तो काम करत होता.

त्याचा जन्म १९४६ चा, स्कॉटलंडमधल्या डंडी शहरातला. तेव्हा डंडी म्हणजे तागाच्या गिरण्यांचं गाव. तो ताग बंगालमधून बोटीनं तिकडे जायचा. कॉक्सच्या आईनं अशाच गिरणीत सूत कातलं होतं. वडिलांचं दुकान होतं आणि गिऱ्हाइकांना उधारी देण्यात हात सढळ होता. उधारीची वही सांभाळणाऱ्या माणसाला यातलं दुखणं वेगळं सांगायला नको. कॉक्स आठ वर्षांचा असताना वडील गेले, तेव्हा बँकेत दहा पौंड शिल्लक होते. त्यानंतर आईचं मन खचलं, तिला इस्पितळात ठेवावं लागलं. पाच भावंडांतल्या या धाकट्याला बहिणींनी सांभाळलं. शाळेत त्याचं फारसं काही जमलं नाही.

चौदा-पंधराव्या वर्षी, १९६१ च्या सुमारास, तो डंडी रेपर्टरी थिएटरमध्ये नोकरीला लागला. नट म्हणून नव्हे, पडेल ते काम करणारा पोऱ्या म्हणून. रंगमंच पुसायचा, तिकीटविक्रीचे पैसे बँकेत भरायला धावत जायचं, कोणी काही मागितलं की आणून द्यायचं. अधूनमधून छोटं काम मिळायचं. अशा नाट्यसंस्थांना तिकडे ‘रेप’ म्हणतात. तेव्हा तिथे पगारी नटसंच असायचा. रात्री एका नाटकाचा प्रयोग आणि दिवसा पुढच्या नाटकाच्या तालमी, असं वर्षभर चालायचं. आज नोकर, पंधरवड्यानं पोलीस, त्याच्या पुढे ऐंशीचा म्हातारा. चरित्र अभिनेता घडतो तो असल्या रगाड्यातच.

आता मुलाच्या नजरेतून निसटलेली गोष्ट. कॉक्स पुढे लंडनला ‘लॅम्डा’ या नाट्यशाळेत शिकला आणि १९६५ ला बाहेर पडला. दहा पौंड मागे ठेवून गेलेल्या माणसाचा मुलगा लंडनला शिकला कसा? सरकारी अनुदानावर. फी भरली गेली, राहण्या-खाण्याला पैसे मिळाले. कॉक्स हे स्वतः मुलाखतींतून वारंवार सांगतो, आणि आजच्या कष्टकऱ्यांच्या मुलांना ते दार तसं उघडं राहिलेलं नाही याबद्दल पोटतिडकीनं बोलतो. म्हणजे त्याच्या पायाशी दोन भक्कम गोष्टी होत्या: शिकताना कर्ज नाही आणि शिकून झाल्यावर पगारी काम. त्याच वर्षी एडिंबरात रॉयल लिसियमचा नटसंच उभा राहिला, त्यातल्या पहिल्या फळीत तो होता. मग बर्मिंगहॅम रेप. १९६७ मध्ये तिथल्याच शेक्सपिअरच्या ‘अ‍ॅज यू लाइक इट’ या नाटकातून, नायक ऑर्लँडोच्या भूमिकेत, तो लंडनच्या व्यावसायिक रंगभूमीवर पोचला. वय एकवीस. प्रसिद्धी नव्हती, पण घरभाडं भागत होतं.

रंगभूमीवर त्यानं जे केलं ते फार मोठं आहे आणि मालिका बघून ते कळत नाही. १९८७ मध्ये रॉयल शेक्सपिअर कंपनीनं डेबोरा वॉर्नरच्या दिग्दर्शनाखाली शेक्सपिअरचं ‘टायटस अँड्रॉनिकस’ केलं. त्यात एक जागा आहे. टायटस या रोमन सेनापतीच्या दोन मुलांची मुंडकी त्याच्यासमोर आणून ठेवतात, सोबत त्यानं मुलांना वाचवण्यासाठी कापून दिलेला स्वतःचाच हात. सगळे आक्रोश करतायत आणि टायटस हसतो. भाऊ विचारतो, हसतोस काय? तर गाळायला आता अश्रूच उरले नाहीत, असं त्याचं उत्तर. नवख्या नटाच्या हातात हा प्रसंग गेला तर प्रेक्षकच हसतील. कॉक्सला या भूमिकेसाठी ऑलिव्हिए हा लंडनच्या रंगभूमीवरचा मानाचा पुरस्कार मिळाला. एक ऑलिव्हिए आधीच मिळालेला होता, ‘रॅट इन द स्कल’ या नाटकासाठी. १९९० मध्ये नॅशनल थिएटरमध्ये तो शेक्सपिअरचा किंग लिअर झाला. ही सगळी कमाई चाळिशीच्या आसपासची. ‘उशिरा यश’ हा शब्द त्याला लावणं चूक आहे.

पडद्यावरचा हिशेब निराळा. १९८६ च्या ‘मॅनहंटर’ चित्रपटात हॅनिबल लेक्टर या नरभक्षक खुनी डॉक्टरची भूमिका पडद्यावर सर्वांत आधी त्यानं केली. मुलाला हा चित्रपट बघायला सांगा आणि टेलिफोनचा प्रसंग दोनदा बघायला सांगा. कोठडीत वकिलाशी बोलण्यासाठी म्हणून फोन दिलेला असतो. लेक्टर त्यातून भलतीकडेच फोन जोडतो, गोड, सभ्य आवाजात एका बाईशी बोलतो आणि ज्याला इजा करायची त्याच्या घरचा पत्ता सहज काढून घेतो. आवाज चढत नाही, डोळे वटारलेले नाहीत. आपण मात्र गार पडतो. लहानपणी स्कॉटलंडला हादरवून सोडणाऱ्या पीटर मॅन्युएल या खुन्यावरून ही व्यक्तिरेखा सुचल्याचं कॉक्सनं सांगितलंय. चित्रपट फारसा चालला नाही. पाच वर्षांनी ‘द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स’मध्ये अँथनी हॉपकिन्सनं हीच भूमिका केली आणि ऑस्कर नेलं. मला सर्वांत जास्त शिकवून जाते ती ही घटना. जग दुसऱ्याच्या लेक्टरवर फिदा होत होतं त्या दिवसांत कॉक्स लिअर करत होता, तालमीला जात होता.

नंतर त्यानं आपणहून हॉलिवूडची वाट धरली, तीही दुय्यम भूमिकांसाठी. १९९५ च्या ‘ब्रेव्हहार्ट’मध्ये तो नायक विल्यम वॉलेसचा, पोरक्या पोराचा, काका आहे. काही मिनिटांचं काम. पोरगा तलवारीकडे हात नेतो आणि काका सांगतो, आधी डोकं चालवायला शिक. एवढ्यावर तो माणूस लक्षात राहतो. पुढे नाझी नेता गोअरिंगच्या भूमिकेसाठी २००१ मध्ये एमी हा अमेरिकन टीव्ही पुरस्कार मिळाला, ‘ट्रॉय’मध्ये अ‍ॅगमेम्नॉन झाला, ‘एक्स-मेन’च्या दुसऱ्या भागात खलनायक झाला. २०१८ मध्ये लोगन रॉय आला तेव्हा तो त्या पहिल्या नोकरीपासून सत्तावन्न वर्षं हे काम करत होता.

आता तुमचे प्रश्न.

पदवी सोडू देऊ नका. घराण्याची अब्रू वगैरे कारणासाठी नव्हे. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात अर्ज करायलाच पदवी लागते. नाटकांत प्रत्यक्ष काम केल्याचा अनुभवही मागतात, म्हणजे एकांकिकांची वर्षं वाया गेलेली नाहीत. तीन वर्षांचा हा अभ्यासक्रम मी सर्वांत वर ठेवतो, कारण विद्यार्थ्याला दरमहा विद्यावेतन मिळतं आणि विद्यालयाची स्वतःची रेपर्टरी कंपनीही आहे. कॉक्सला जे मिळालं त्याच्या सर्वांत जवळ जाणारं आपल्याकडे हेच. जागा फार कमी असतात, पहिल्या खेपेला नाव लागेलच असं नाही. म्हणून पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आणि मुंबई विद्यापीठाची नाट्यकला अकादमी इथेही अर्ज करावा. कॅमेऱ्यासमोरच्या अभिनयासाठी पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट आहे. फीचा आकडा आधी बघून घ्या.

खासगी वर्गासाठी कर्ज काढू नका. याबाबत माझं मत ठाम आहे. काही महिन्यांच्या वर्गात पोर्टफोलिओ आणि ऑडिशनची तयारी मिळते. चरित्र अभिनेत्याला लागतो तो आवाज, भाषा आणि अंगावर पडलेल्या पंचवीस-तीस निरनिराळ्या भूमिका. दुकान गहाण टाकून या गोष्टी येत नाहीत, आणि डोक्यावर हप्ता असलेला मुलगा मिळेल ती मालिका धरतो नि तिथेच अडकतो.

उदरनिर्वाहाचं खरं सांगायचं तर पगारी नटसंच ही गोष्ट आपल्याकडे जवळपास नाहीच. व्यावसायिक नाटकात प्रयोगागणिक ‘नाइट’, म्हणजे त्या प्रयोगाचं मानधन, मिळते. प्रयोग लागला नाही तर काहीच नाही. त्यामुळे जोडीला हाताशी काहीतरी हवं. त्याच्या बाबतीत मी आवाजाचं काम सुचवेन, म्हणजे डबिंग आणि ऑडिओबुक. त्यासाठी हिंदी आणि इंग्रजी उच्चार आजपासून घासायला हवेत. शिवाय बॅकस्टेज. प्रकाशयोजना, नेपथ्य, रंगभूषा, जे मिळेल ते. नट म्हणून दार उघडलं नाही तरी बॅकस्टेजच्या माणसाला आत घेतात, आणि आत असलेल्याला ऐनवेळी ‘अमका आजारी आहे, तू उभा राहतोस का?’ असं विचारलं जातं.

पदवीनंतर दोन वर्षं त्याला द्या, असं मी सुचवेन. त्या काळात दरमहा घरून किती देता येईल तो आकडा तुम्ही दोघांनी त्याच्यासमोर बसून ठरवा आणि तो दुकानाच्या वहीत लिहून ठेवा. दोन वर्षांनी बघताना गाजला का, हे विचारू नका. किती भूमिका केल्या, त्यातल्या किती एकमेकींपासून वेगळ्या होत्या आणि स्वतःचा किती खर्च स्वतः भागवला, हे विचारा.

त्याला मला थेट लिहू द्या. आजवर केलेल्या एकांकिकांची यादी पाठवावी, आणि प्रत्येकीपुढे आपण कोण झालो होतो आणि त्या माणसासाठी आवाजात नि चालण्यात काय बदललं, ते दोन ओळींत लिहावं. ती यादी वाचून कुठल्या संस्थेचा अर्ज आधी भरायचा ते मी त्याला कळवेन.