हार्ट अटॅकच्या पेशंटला 108 मधून न्यावं की दारातल्या गाडीतून?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गाव चोपडा तालुक्यात, घरी वयस्कर वडील, दारात चारचाकी. त्यांच्या छातीत दुखायला लागलं तर 108 ची वाट का बघायची, सरळ जळगाव का गाठू नये? ॲम्ब्युलन्समध्ये ऑक्सिजनशिवाय असतं तरी काय?

मी बीएएमएस आहे. जळगाव जिल्ह्यात काही वर्षं 108 वर डॉक्टर होतो, तेव्हा मी त्या गाडीची बाजू घेणार हे धरूनच वाचा. गाडी पंधरा-वीस मिनिटांत येणार असेल तर थांबा, असं माझं मत.

अटॅकच्या पहिल्या तासाभरात माणूस दगावतो तो बहुतेकदा ठोके अचानक बिघडल्यामुळे. हृदय रक्त ढकलायचं सोडून नुसतं थरथरत राहतं. त्यावर इलाज विजेच्या शॉकचा, आणि तो मिळेपर्यंत सीपीआर, म्हणजे छाती दाबत राहणं. शॉकला उशीर झालेल्या दर मिनिटाला वाचण्याची शक्यता 7 ते 10 टक्क्यांनी घटते. तुमच्या गाडीत हे जळगावच्या वाटेवर विदगावच्या पुलावर झालं तर मागच्या सीटवर छाती धड दाबताही येत नाही, शॉक तर लांबच. बेलफास्टच्या फ्रँक पँट्रिज या डॉक्टरांनी 1966 मध्ये डिफिब्रिलेटरला, म्हणजे शॉक देणाऱ्या यंत्राला, मोटारीच्या बॅटऱ्या जोडून तो ॲम्ब्युलन्समध्ये चढवला, तो याचसाठी. पेशंट दवाखान्यात पोचायच्या आधीच जात होते.

आपल्याकडे 108 ची सेवा 2014 मध्ये 937 गाड्यांनिशी सुरू झाली, त्यांत एएलएस म्हणजे मॉनिटर, डिफिब्रिलेटर, व्हेंटिलेटर असलेल्या 233 होत्या. बाकीच्या बीएलएस, त्यांत साधनं कमी. महाराष्ट्रात या गाडीवर डॉक्टर असतो. नेमकी गाडी यावी म्हणून फोनवर ‘तब्येत बिघडलीय’ एवढंच सांगू नका. ‘छातीत दुखतंय, घाम फुटलाय, एवढ्या वाजेपासून’ असं सांगा. आणि एका पोराला फाट्यावर उभं करा, मळ्यातलं घर शोधण्यात फार वेळ जातो.

गाडी येईपर्यंत पेशंटला चालवू नका, जिना उतरवू नका. ॲस्पिरिनची ॲलर्जी नसेल, पोटात अल्सर किंवा कुठे रक्तस्राव नसेल, तर 300 मिलिग्रॅमच्या आसपास ॲस्पिरिन चावून खायला द्या. गिळायची नाही, चावायची, म्हणजे लवकर लागू पडते. 1988 च्या आयसिस-2 या 17 हजारांवर पेशंटच्या अभ्यासात नुसत्या ॲस्पिरिनने मृत्यू सुमारे 23 टक्क्यांनी कमी झाले होते. सॉर्बिट्रेट या जिभेखालच्या गोळीचं मात्र उलट आहे. शेजारी घाईने जिभेखाली ठेवतात, पण बीपी आधीच पडलेलं असेल, किंवा लैंगिक ताकदीची गोळी एक-दोन दिवसांत घेतलेली असेल (हे कुणी आपणहून सांगत नाही), तर सॉर्बिट्रेट जिवावर बेतू शकते. बीपी मोजल्याशिवाय नको.

आम्ही आल्यावर ईसीजी काढायचो, बीपी बघायचो, शिरेत सलाईनची सुई लावून ठेवायचो, ॲस्पिरिनच्या जोडीला क्लोपिडोग्रेल ही गुठळी वाढू न देणारी गोळी द्यायचो. रक्तातला ऑक्सिजन 90 टक्क्यांच्या खाली असेल तरच तो लावायचा असतो, त्यामुळे मास्क लावला नाही म्हणून डॉक्टरवर ओरडू नका. ईसीजीची पट्टी मोबाइलवरून फिजिशियनकडे गेली की पुढचं ठरतं.

नातेवाइकांशी खरी वादावादी इथेच व्हायची. पट्टीत मोठा अटॅक दिसला आणि दोन तासांच्या आत अँजिओप्लास्टी (बंद नळी फुग्याने उघडणं) होणं शक्य नसेल, तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन जवळच्या रुग्णालयात आधी द्यावं आणि मग मोठ्या दवाखान्याकडे निघावं, हाच नियम आहे. या इंजेक्शनांतलं टेनेक्टेप्लेज वजनानुसार एकदाच शिरेत द्यायचं, काही सेकंदांचं काम. स्ट्रेप्टोकायनेज अर्धा-एक तास सलाईनमधून. अटॅकच्या पहिल्या दोन-तीन तासांत या इंजेक्शनाचा फायदा सगळ्यात जास्त. पण लोक म्हणतात, ‘इथे कशाला थांबवता भाऊ, जळगावला चला’. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याकडून घाट उतरून येणाऱ्याला तर हे इंजेक्शन वाटेत मिळणं फारच मोलाचं. मेंदूचा झटका, अलीकडचं ऑपरेशन, रक्तस्राव झालेला असेल तर ते देता येत नाही, म्हणून जुने कागद बरोबर घ्या.

या सगळ्याआधी जो वेळ जातो तो घरातच. रात्री भरीत खाल्लेलं असलं की दोष भरताला, मग सोडा, मग जेलुसिल. मे महिन्यात घाम फुटून गळून गेला तर ‘ऊन लागलं’ म्हणून कांद्याचा रस. डायबिटीसवाल्यांना आणि बायकांना कधीकधी छातीत दुखतच नाही. जबडा, पाठ, उलटी, नुसता दम एवढंच.

गाडी लांब आहे असं 108 ने सांगितलं तर वाट पाहू नका, आपल्या गाडीने निघा. पण जळगाव धरू नका. ईसीजी आणि डिफिब्रिलेटर असलेलं सगळ्यात जवळचं रुग्णालय गाठा. चोपड्याला उपजिल्हा रुग्णालय आहे, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन तिथे रात्री मिळतं का ते याच आठवड्यात जाऊन विचारून या.