रासायनिक समीकरण बॅलन्स झालंय का, कसं बघायचं?

अरे दोन्हीकडचे रेणू सारखे आले पाहिजेत असं काही नसतं, अणू सारखे पाहिजेत. आपल्या नाशिकच्या वायनरीतलंच घे ना, ग्लुकोजचा १ रेणू आंबला की इथेनॉलचे २ आणि कार्बन डायऑक्साइडचे २ होतात, म्हणजे १ चे ४ झाले तरी समीकरण एकदम बरोबर! मोजून बघ (C₆H₁₂O₆ → 2C₂H₅OH + 2CO₂), कार्बन इकडे ६, तिकडे ४ आणि २. हायड्रोजन १२ ला १२. ऑक्सिजन शक्यतो शेवटी मोज, तो बऱ्याचदा दोन-तीन ठिकाणी विखुरलेला असतो आणि पोरं तिथेच गंडतात, इथे ६ ला २ आणि ४.

कंस पण बघ. द्राक्षांवर मारतात त्या बोर्डो औषधात चुना असतो ना, त्याच्या Ca(OH)₂ या सूत्रात कंसाबाहेरचा २ ऑक्सिजन आणि हायड्रोजन दोघांनाही लागतो. सल्फेट (SO₄) दोन्हीकडे तसंच राहत असेल तर अख्खा गट एकदम मोज, कशाला फोडत बसतोस.

आयन, म्हणजे चार्ज असलेले अणू किंवा गट, असले तर चार्जही जुळला पाहिजे. तांबं आणि सिल्व्हर आयन एकास एक लिहिलंस (Cu + Ag⁺ → Cu²⁺ + Ag) तर अणू जुळतात, पण चार्ज डावीकडे +१ आणि उजवीकडे +२, म्हणजे चुकलंच, सिल्व्हर दोन्हीकडे २ घे. आणि काहीही झालं तरी सूत्रातला खालचा छोटा आकडा बदलायचा नाही, नाहीतर पाण्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड करून बसशील.