‘किती घेतलेस?’ विचारून बसलो, आता काय करू?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी ठाण्यात पाचपाखाडीत राहतो, वय ६८. गेली बावीस वर्षं रोज सकाळी सहाला कचराळी तलावाला चार फेऱ्या आणि मग कोपऱ्यावर कटिंग, हा आम्हा पाचजणांचा नेम. त्यातला एक अण्णा (खरं नाव देत नाही). वागळे इस्टेटमधल्या एकाच कारखान्यात आम्ही नोकरी केली, एकाच वर्षी निवृत्त झालो. जानेवारी २०२६च्या महापालिका निवडणुकीत अण्णा एका उमेदवाराच्या प्रचाराला लागला. तो माणूस मला अजिबात पटत नाही. कारणं लिहायला बसलो तर तुमचं पान भरेल. रोज वाद व्हायचे. एकदा चहाच्या टपरीवर (जरा रागाच्या भरात) मी विचारलं, ‘‘किती घेतलेस त्याच्याकडून?’’ सगळे हसले. दुसऱ्या दिवसापासून अण्णा तलावाला उलट्या दिशेने चालतो. त्यामुळे आम्ही प्रत्येक फेरीत दोनदा समोरासमोर येतो आणि दोन्ही वेळा तो पाण्याकडे बघतो. निकाल लागून महिने झाले. दुसऱ्या बाजूच्या माणसाशी राजकारणावर बोलायचं तरी कसं?

उत्तर : तुमचं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा ते राजकारणाचं वाटलं. दुसऱ्यांदा वाचताना ‘सगळे हसले’पाशी थांबले. त्याच्या आधीचं ‘जरा रागाच्या भरात’ तुम्ही कंसात टाकलंयत. शाळेत पोरं चूक कबूल करायची तेव्हा असंच करायची, मुख्य गोष्ट हळूच कडेला लिहायची.

‘नेते एका ताटात जेवतात आणि तुम्ही कशाला भांडता’ असलं काही मी सांगणार नाही. ते सगळेच सांगतात, आणि तुमचं मत म्हणजे पोरखेळ आहे असा त्याचा अर्थ निघतो. तुम्हाला तो उमेदवार पटत नाही ना? मग पटवून घेऊ नका. पण अण्णांनी पाठ फिरवली ती उमेदवारावरून नाही. मतासाठी पैसे देणं जसा गुन्हा, तसा घेणं हाही गुन्हाच. उभी हयात गेटवर कार्ड पंच करून पगार घेतलेल्या माणसाला तुम्ही चारचौघांत विकाऊ म्हणालात, आणि चारचौघं हसले.

तेव्हा आधी माफी. मताबद्दल नाही, त्या एका वाक्याबद्दल. आणि तीही जिथे बोललात तिथेच, टपरीवर, बाकीच्या तिघांच्या देखत. फोनवर मागितलेली चालणार नाही. ‘चेष्टेत म्हणालो रे’ हे तर तोंडातूनही काढू नका.

आता बोलायचं काय? ठाण्यात जवळजवळ प्रत्येक प्रभागात अ, ब, क, ड अशा चार जागा होत्या आणि मतदाराला चार मतं. मुंबईसारखं एकच बटण नाही. तुमचं भांडण त्यातल्या एका जागेवरून झालं. उरलेल्या तिघांबद्दल तुमच्या अख्ख्या पत्रात एक ओळ नाही. अण्णांशी बोलताना तरी निघाली होती का? दुसरं असं, की २०१७ नंतर निवडणूक झाली ती थेट २०२६ मध्ये. मार्च २०२२ पासून जवळपास चार वर्षं महापालिकेत प्रशासक होता, नगरसेवक नव्हतेच. ती महापालिकेची इमारत तुमच्या कचराळीच्या समोरच आहे. त्या चार वर्षांत तुम्ही दोघं तिच्यासमोरून फेऱ्या मारत पाण्यावर, खड्ड्यांवर, घोडबंदरच्या ट्रॅफिकवर बोलला असालच. तेव्हा कोण कुणाच्या विरुद्ध होतं, आठवून बघा.

माझ्या घरचं सांगते. माझे धाकटे दीर कळव्याला राहतात आणि एका माणसाचे कट्टर समर्थक आहेत. मला त्या माणसाचं भाषण दोन मिनिटं ऐकवत नाही. कितीतरी गणपतींत आमचं मोदकांच्या ताटावर बसून त्याच्यावरून जुंपलेलं. एकदा मी चिडून विचारलं, ‘‘भाऊजी, त्याच्यात आहे तरी काय?’’ खरं तर तो प्रश्न नव्हताच, टोमणा होता. पण ते शांतपणे म्हणाले, ‘‘वहिनी, २६ जुलैला आईला कोणी बाहेर काढलं?’’ २००५ सालची गोष्ट. तळमजल्याचं घर, कमरेच्या वर पाणी, सासूबाईंचे गुडघे गेलेले. विशीतल्या दोन पोरांनी त्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून खुर्चीसकट उचलून नेलं होतं. त्यातला एक हा. हे मला ठाऊक होतं, पण ही दोन माणसं एकच आहेत हे माझ्या डोक्यात कधी जुळलंच नव्हतं.

मी आजही त्याला मत देणार नाही. खुर्ची उचलणं वेगळं आणि पालिकेचं बजेट वाचणं वेगळं, हे मी भाऊजींना सांगते. ते म्हणतात, बजेट वाचणारे त्या दिवशी कुठे होते? वाद अजून चालू आहे, मात्र आता आम्हा दोघांना तो कशावरून आहे ते माहीत आहे.

अण्णांचीही अशी एखादी खुर्ची असेल. नसेलही. तुम्ही विचारा, आणि ते सांगत असताना पुढच्या मुद्द्याची जुळवाजुळव करू नका. कोणाला मत दिलंत हे मात्र विचारू नका, ते गुप्त असतं ते नवराबायकोतसुद्धा. अण्णा कुणाच्या जातीधर्मावरून विष ओकत असते, तर माझं उत्तर वेगळं असतं. तुमच्या पत्रात तसं काही दिसत नाही.

आणि माफीनंतर अण्णांनी लगेच दिशा बदलावी अशी अपेक्षा धरू नका. तुम्हीच उलटे फिरा. तलाव तोच आहे.

प्रश्न : आमच्या ऐरोलीच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दिवसरात्र राजकीय फॉरवर्ड येतात. ग्रुप सोडू का?

उत्तर : म्यूट करा, सोडू नका. पाणी कधी जाणार हे त्याच ग्रुपवर कळतं.