पुलावरचा नमस्कार

प्रिय सई,

रविवारी ग्रँड रिव्हर साउथ ईस्टच्या पुलावरून जाताना माझा हात सवयीने कपाळाला गेला आणि मागच्या सीटवरून तू विचारलंस, "बाबा, ही तर आपली नदी पण नाही. आणि आपल्या नदीचं पाणी आजीच्या घरात शिरलं तेव्हा तू फोनवर रडत होतास. मग नमस्कार कशाला?" मी "सवय गं" म्हणून विषय बदलला. पण ते मनातून जाईना, म्हणून लिहितोय.

तुझा शाळेचा नकाशा अजून फ्रिजवर आहे. क्युरपीपच्या पठारावरून चहूकडे निघालेल्या निळ्या रेघा, २५ मोठी खोरी, प्रत्येकाचा रंग वेगळा. मॉरिशस बेट अवघं १८६५ चौरस किलोमीटरचं आणि इथली सर्वांत लांब नदी ४० किलोमीटरसुद्धा नाही, याचं तुला हसू आलं होतं. मला चिपळूण आठवलं. तिथेही असाच काळा कातळ, असाच डोंगरावर कोसळणारा पाऊस आणि घाईघाईने समुद्र गाठणारी नदी. वाशिष्ठीसुद्धा सत्तरेक किलोमीटरांत संपते. माई, म्हणजे तुझी पणजी, सकाळी डोक्यावर तांब्या ओतताना गंगा, यमुना, गोदावरी सगळ्यांना हाका मारायची. मी एकदा विचारलं, "वाशिष्ठीला का नाही बोलवत?" तर म्हणाली, "घरच्या माणसाला आमंत्रण देतात होय रे?"

पावसाळ्यात पाणी चढून उतरलं की माई नदीची ओटी भरायची. खण, तांदूळ, हळदकुंकू, नारळ. तिची पाठ वळली की बंड्याकाका आणि मी खालच्या अंगाला पळायचो, तो नारळ पकडायला. भक्ती वगैरे मला तेव्हा कळत नव्हती. ओल्या नारळाची चव मात्र अजून आठवते.

मग जुलै २००५ चा पूर आला. आम्ही रात्र माडीवर काढली. खाली तांदळाची कणगी, आबांच्या वह्या, माईची ट्रंक, सगळं गेलं. तिसऱ्या दिवशी घरात घोटाभर चिखल असताना माईने माडीवर वाचलेला एकुलता एक खण काढला आणि ती नदीकडे निघाली. मी ओरडलो तिच्यावर. "तिने सगळं नेलं आणि तू तिची ओटी भरतेस?" माई काही बोलली नाही. एकटीच गेली. सोबत कुणी तरी जायला हवं होतं, आणि ते मीच जायला हवं होतं, हे अजून टोचतं.

२०२१ मध्ये पुन्हा पाणी आलं तेव्हा माई नव्हती आणि मी इथे होतो. तू पाहिलंस ते रडणं तेव्हाचं. पाणी ओसरल्यावर आजीला मी पहिलं काय विचारलं माहितेय? "ओटी भरलीस का?" का विचारलं, मला खरंच सांगता येणार नाही. आजी म्हणाली, "आधी चिखल तर काढू दे."

आता "आपली नदी" म्हणजे काय, ते. तुझ्या नकाशात प्रत्येक थेंब आपापल्या खोऱ्यात राहतो. वाशिष्ठीचं तसं नाही. कोयना सह्याद्रीच्या पलीकडची. तिचं पाणी कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराला जायचं. पण धरणातलं बरंचसं पाणी बोगद्यांतून घाटाखाली वीज करायला उतरतं आणि ते अवजल वाशिष्ठीत येतं. उन्हाळ्यात आम्ही ज्या पाण्यात डुंबलो त्यातलं कितीतरी दुसऱ्याच खोऱ्यातलं होतं. माईला हे ठाऊक होतं. तिने कधी वेगळं मोजलं नाही.

आणि तू ज्या नदीला आपली नाही म्हणालीस, तिच्याच खोऱ्यात मिडलँड्सचं धरण आहे. त्याचं पाणी कालव्याने ला निकोलियेरच्या जलाशयात आणि पुढे उत्तरेकडे जातं. आपण उत्तरेलाच राहतो, सई.

हे नमस्काराचं कारण म्हणून सांगत नाही. हात वर गेला तेव्हा धरण माझ्या डोक्यातही नव्हतं. माई होती.

पुढच्या रविवारी नकाशा घेऊन मिडलँड्सला जाऊ या का? कालवा कुठून सुटतो ते तू मला दाखव. वाटेत पूल लागला तर तू हात जोडायलाच हवेस असं अजिबात नाही. मी जोडले तर तुला चालेल का, तेवढं सांग.

तुझा,
बाबा