मेस्त्रींना विचारा : वीस मिनिटं चालतंय अन् बंद पडतंय

प्रश्न : मेस्त्री, नमस्कार. माझं १९९८ चं तीन सिलिंडरचं पस्तीस एचपी ट्रॅक्टर आहे. हरभऱ्यासाठी रान तयार करायलोय, पण रोटर (माती भुसभुशीत करायचं अवजार) लावला की वीस-पंचवीस मिनिटं झकास चालतंय, मग ओढ सोडतंय अन् गुरगुर करत बंद पडतंय. दहा मिनिटं थांबलं की हाफ सेल्फला (स्टार्टर जरासा फिरवताच) चालू, परत तेच. दोन्ही फिल्टर बदलले, एअर (डिझेलच्या पाईपात अडकलेली हवा) तीनदा काढली. आता एकजण म्हणायलेत डिझेल पंप (इंजिनाला दाबानं डिझेल देणारा) गेला, खोलून कॅलिब्रेशनला (डिझेलचं माप जुळवायला) न्या, खर्च पंधरा हजार. गळती कुठंच नाही, टाकीचं झाकण ढिलं झालं होतं तेपण पन्नी लावून घट्ट बसवलंय. पंप खोलू का?
– एक वाचक, ता. सेलू, जि. परभणी

उत्तर : भाऊ, पंपाला पाना लावू नका. तुम्ही शेवटी सहज लिहून गेलात ना, झाकणाला पन्नी लावली म्हणून, माझा पहिला संशय तिथंच आहे.

टाकीतून जेवढं डिझेल खाली जातं तेवढी हवा वरून आत यावी लागते, त्यासाठी झाकणाला बारीक भोक असतं. ते पन्नीनं किंवा काळ्या मातीच्या धुळीनं बुजलं की टाकीत व्हॅक्यूम होतो, फीड पंप (टाकीतून डिझेल ओढून डिझेल पंपाला देणारा छोटा पंप) ओढून ओढून दमतो, इंजिन उपाशी मरतं. थांबलं की कुठून तरी हळूहळू हवा शिरते अन् परत चालू. पंप झिजलेला असता तर गरम इंजिन चालू व्हायलाच त्रास झाला असता, तुमचं तर गरम असतानाच हाफ सेल्फला उठतंय.

तपासणी फुकट आहे. बंद पडलं की त्याच मिनिटाला झाकण उघडा (बिडी-सिगारेट लांब ठेवा). सूं करून हवा आत ओढल्याचा आवाज आला अन् लगेच चालू झालं तर दुखणं सापडलं. पन्नी फेकून द्या, भोक बारीक तारेनं मोकळं करा, आटे गेले असतील तर नवीन झाकण घ्या, पंधरा हजारापुढं ते काहीच नाही.

आवाज नाही आला तर टाकीच्या बुडाला या. फीड पंपाला येणारा पाईप तिथं सोडा अन् डिझेल कॅनमध्ये पडू द्या. धार सुरुवातीला जाड अन् मिनिटभरात बारीक होत गेली तर कॉकच्या (टाकीखालच्या तोटीच्या) तोंडाशी गंजाचे पापुद्रे, पाला, चिंधी असं काहीतरी येऊन बसतंय. ट्रॅक्टर उभं राहिलं की ते परत खाली बसतं, म्हणून थांबल्यावर बरं वाटतं. फिल्टर कितीही बदला, हे जात नाही, टाकी उतरवून धुवावीच लागते. धार चांगली असली तर रबरी पाईप बघा, जुना पाईप वरून धड दिसतो पण आतून सोलून ओढीला चपटा होतो.

अन् एअर तीनदा काढली म्हणता, पण एअर परत परत येत असेल तर ती कुठून येते ते शोधायला पाहिजे, नुसती काढून काय उपयोग. ओढीच्या बाजूला, म्हणजे टाकी ते फीड पंप, ढिला जॉइंट थेंबही न गळता हवा घेतो, म्हणून गळती नाही याच्यावर भरवसा ठेवू नका. फीड पंपाच्या आधी हातभर पारदर्शक नळी टाकून इंजिन चालवा, बुडबुडे दिसले तर मागं टाकीपर्यंत एकेक जॉइंट बघत जा. बॅन्जो बोल्टचे (पाईप जोडायच्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वायसर जुनेच दाबून बसवू नका, नवीन टाका. एअर काढताना आधी फिल्टरचा स्क्रू, मग पंपाचा, बिनफेसाचं डिझेल येईपर्यंत हॅन्ड प्रायमर (हातानं दाबायचा छोटा पंप) मारत राहायचं अन् मारता मारताच स्क्रू आवळायचा.

एक कळकळीनं सांगतो, इंजिन चालू असताना नोझलच्या (इंजिनात डिझेल फवारणाऱ्या तोंडाच्या) पाईपची गळती बोटानं चाचपू नका. मागच्या टायरात एक-दीड बार हवा असते, इथं दोनशे बारच्या आसपास दाब असतो. ती धार कातडी फोडून आत जाते, वरून सुईएवढं भोक दिसतं पण बोट कापायची वेळ येते. असं झालं तर दुखायची वाट न बघता थेट दवाखाना गाठा.

प्रश्न : इंजिन ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वाढायलंय, वास डिझेलचा. चालवू का?
– एक वाचक, ता. रेणापूर, जि. लातूर

उत्तर : नाही, अजिबात नको. डिझेल ऑइलमध्ये उतरायलंय, ऑइल पातळ झालं की बेअरिंग जातात. डायफ्रामवाला (आत लवचीक पडदा असलेला) फीड पंप असेल तर डायफ्राम फाटलाय का ते आधी बघा, तसा नसेल तर डिझेल पंपाचं सील किंवा गळकं नोझल. दुरुस्तीनंतर ऑइल अन् ऑइल फिल्टर दोन्ही बदला, जुनं ऑइल गाळून परत टाकू नका.